खांबेटे बाईंच्या तोंडातली गर्दी

जून महिन्यात नवा वर्ग आला की खांबेटे बाई पहिल्या तासाला काही शिकवत नसत. हजेरी घेत, प्रत्येकाच्या पांढऱ्या कोटाची बटणं लागली आहेत का ते बघत आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारत, "आज दात घासलेत?" मुलगी हो म्हणे. "नक्की?" मुलगी जरा जोरात हो म्हणे. "उत्तम. मग बघूच आपण." मग प्रत्येकाच्या हातात टोकाला कापूस गुंडाळलेली एक काडी यायची. ती आपल्याच जिभेवरून फिरवायची, काचेच्या प्लेटमध्ये खरवसासारखा गोठलेला जो थर असतो त्यावर अलगद ओढायची, प्लेट उबेला ठेवायची आणि घरी जायचं. दोन दिवसांनी प्लेटा उघडल्या की वर्गभर 'ई' आणि 'शी'. पांढरे, पिवळसर, करडे ठिपके. काही चकचकीत, काही सुरकुतलेले, काही एकमेकांच्या अंगावर चढलेले. दात घासलेल्या मुलीची प्लेट सगळ्यात भरलेली निघाली की बाईंना विशेष आनंद होई. "किळस कसली करताय? हे तुमचे भाडेकरू आहेत," त्या म्हणत. "घर तुमचं असलं तरी राखण हेच करतात."

तोंडातल्या जिवाणूंबद्दल त्या इतक्या जिव्हाळ्याने बोलत की नवख्या माणसाला वाटावं, बाई माहेरच्या माणसांची चौकशी करताहेत. "तोंडात गर्दी आहे तोवर बरं असतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "शेकडो जाती एकमेकांना धरून राहतात, कोणी कोणाला डोईजड होऊ देत नाही. एकट्याचं राज्य आलं की समजायचं, घरात काहीतरी बिघडलंय." परीक्षेत मुलं हेच वाक्य जसंच्या तसं लिहीत आणि बाई त्याखाली लाल शाईने लिहीत, 'हे मी म्हणाले. तुम्ही काय म्हणता?'

मी यवतमाळहून पुण्यात आले ती सूक्ष्मजीवशास्त्राची लेक्चरर म्हणून. बाई विभागप्रमुख होत्या. पहिल्या दिवशी माझे कागद बघून त्या म्हणाल्या, "मेश्राम. यवतमाळ. म्हणजे नक्की कुठे?" मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "नको, राहू दे. नकाशा आहे माझ्याकडे." पुण्यातल्या बोलण्याची सवय नसल्यामुळे मी त्या दिवशी खोलीवर जाऊन रडले होते. सदाशिव पेठेत तीन मुलींत मिळून एक खोली घेतली होती, तिथे रडायलाही आडोसा नव्हता. पुढे कळलं की बाईंनी त्याच संध्याकाळी खरोखर नकाशा काढून यवतमाळ बघितलं होतं, आणि आठवडाभरात मला ज्वारीच्या भाकऱ्या चांगल्या देणारी खानावळही शोधून दिली होती. तरी पहिलं वर्षभर मी त्यांना घाबरूनच असायचे. बाईंना सगळं कॉलेज घाबरायचं, त्यात मी काही वेगळी नव्हते.

एकदा प्रयोगशाळेत एका मुलाच्या हातून जिवाणू वाढवलेलं काचेचं भांडं फुटलं. सगळी पोरं दाराकडे धावली. बाई जागच्या हलल्या नाहीत. "आधी काय सांडलं ते सांगा," त्या म्हणाल्या. "घाबरायचं असेल तर नाव माहीत करून घाबरा." सांडलं होतं ते दह्यातलं निरुपद्रवी विरजण. धावलेल्या मुलांना बाईंनी त्यावर निबंध लिहायला लावला.

तो काळ असा होता की मुलं सकाळी आमच्याकडे जिवाणू बघत आणि संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला पळत. कोणाचा भाऊ हिंजवडीला, कोणाचा थेट कॅलिफोर्नियाला. आमचे वर्ग आटत चालले होते. बाईंना त्याचं दुःख असावं, पण बोलण्यात कधी आलं नाही. "जाऊ दे गं," एवढंच म्हणत. "दात दुखायला लागले की येतील परत."

मग बाईंचंच तोंड आलं. जिभेच्या डाव्या कडेला बारीक फोड, भोवती पांढरी किनार. मागची एक दाढ तुटून तिची धार जिभेला घासत होती, म्हणून असेल असं त्या म्हणाल्या. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या, बोरोग्लिसरीन झालं, नानांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, जाईचा पाला चघळायला दिला. फोड जाईना. तीन-चार महिन्यांनी तुकडा काढून तपासला तेव्हा कॅन्सर निघाला. स्टाफरूममध्ये त्यांनीच सांगितलं, हजेरीपट बंद करता करता. "जिभेलाच झालाय. बरोबरच आहे, सगळ्यात जास्त वापर तिचाच." कोणी हसलं नाही. माझ्या मावशीचा असाच आजार मी लहानपणी बघितला होता आणि त्या घरातला वास मला आजही विसरता येत नाही.

भेटायला येणारा प्रत्येकजण जरा आवाज खाली करून विचारायचा, "तंबाखू वगैरे?" बाई म्हणायच्या, "हो, चोरून. स्टाफरूमच्या कपाटामागे." आयुष्यात त्यांनी साधं पानही खाल्लं नव्हतं.

आधी छोटं ऑपरेशन झालं. त्यानंतर सहा-सात आठवडे रेडिएशन. त्याआधी दाताच्या डॉक्टरांनी मागच्या चार दाढा काढून टाकल्या. एकदा किरण गेले की जबड्याचं हाड पुन्हा नीट भरून येत नाही, त्यामुळे जे काढायचं ते आधीच काढून घ्यावं लागतं, असं ते म्हणाले. रेडिएशनच्या डॉक्टरांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली: मध्ये खंड पडता कामा नये. तोंड सोलवटेल, गिळता येणार नाही, चव जाईल, तरी रोज यायचं. खंड पडला तर रोगाला सवड मिळते.

बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "मेश्राम, लाळेच्या ग्रंथी भाजणार म्हणजे लाळ आटणार. लाळ आटली की आतली सगळी वस्ती उलटीपालटी होणार. पुस्तकात दोन ओळी आहेत याच्यावर. आणि इथे एक अख्खं तोंड फुकटात मिळतंय." दर शनिवारी मी त्यांच्या तोंडातून स्वॅब घ्यायचा आणि प्लेटा लावायच्या असं ठरलं. मी कशाला हो म्हटलं ते मलाच कळलं नाही. मला वाटतं, बाईंना काहीतरी करायला हवं होतं आणि मलाही.

पहिल्या दिवशी नाना बरोबर होते, पण दारापाशीच बसले. उंच, गोरे, पोस्टातून निवृत्त झालेले, कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीतल्या भजनी मंडळात पहिला आवाज त्यांचा. मांडीवर पिशवी घट्ट धरून ते म्हणाले, "मेश्राम, तुम्ही जाल का हिच्याबरोबर आत? मी इथे आहे." तेव्हा मी आत गेले. बाईंच्या चेहऱ्याच्या मापाची प्लास्टिकची पांढरी जाळी आधीच करून ठेवली होती. बाईंना टेबलावर आडवं करून ती जाळी चेहऱ्यावर बसवली आणि दोन्ही बाजूंनी टेबलाला खटकन अडकवली. डोकं तसूभर हलवता येईना. जाळीतून बाईंचे डोळे तेवढे दिसत होते. ज्या डोळ्यांना मी वर्षभर टरकले होते, ते डोळे मला शोधत होते. मी हात पुढे केला तर त्यांनी तो इतका आवळून धरला की नखं रुतली. तिथल्या माणसाने मला बाहेर जायला सांगितलं. जाड दार सावकाश लागलं, वर लाल दिवा पेटला. दिवा विझेपर्यंत मी त्या दाराकडेच बघत उभी राहिले.

बाहेर आल्यावर बाईंच्या गालावर जाळीची नक्षी उमटली होती. "काय केलंत आत?" नानांनी विचारलं. "जिवाणूंची नावं म्हटली," बाई म्हणाल्या. "लोक स्तोत्र म्हणतात तशी. अर्ध्यावर आले तर संपलं." नानांना ते खरं वाटलं. मलाही हसू आलं. पण रिक्षात बसेपर्यंत त्यांनी नानांचा दंड सोडला नाही, ते मी बघितलं.

पहिल्या शनिवारची प्लेट तुळशीबागेसारखी होती, पाय ठेवायला जागा नाही. दुसऱ्या शनिवारीही ठीक. तिसऱ्याला मात्र काही ओळखीचे ठिपके दिसेनात. निरोगी तोंडात जे साधे, सौम्य जिवाणू पहिल्या पंगतीला असतात, तेच विरळ झाले होते. त्यांच्या जागी आम्लात रमणारे, दात किडवणारे वाढले होते. मी प्लेट दाखवली तेव्हा बाई खूप वेळ बघत राहिल्या. लाळ एव्हाना दोरीसारखी चिकट झाली होती, बोलताना जीभ टाळ्याला चिकटायची. "माझी जुनी माणसं चालली गं," त्या म्हणाल्या. आवाज घोगरा झाला होता, पण त्यामुळे नव्हे, ते वाक्यच मला ऐकवेना.

घरी नानांनी त्यांच्या परीने उपचार सुरू केला होता. त्यांच्या घराण्यात घशाला काहीही झालं की खडीसाखर. गाणाऱ्या माणसाचं ते औषधच. स्टीलची एक चपटी डबी ते कायम सदऱ्याच्या खिशात बाळगत. बाईंचं तोंड कोरडं पडतं म्हटल्यावर दर अर्ध्या तासाने डबी उघडून एक खडा पुढे करत. "घे, घसा ओला राहील." भजनी मंडळातल्या लोकांनीही कळल्यावर खडीसाखरेच्या पुड्या आणून दिल्या. बाई न बोलता खडा गालात ठेवत. त्यांना चव कळत नव्हतीच. "खडू चघळल्यासारखं लागतं," एकदा मला म्हणाल्या, नाना आत गेल्यावर.

चौथ्या शनिवारी मी सामान घेऊन गेले तर बाईंनी मान हलवली. "नको आज." मला वाटलं, तोंड सोललंय, दुखत असेल. पाचव्या शनिवारी म्हणाल्या, "कॉलेजच्या प्लेटा संपवायच्यात का सगळ्या? झालं आता." रुमाल तोंडावर धरलेला. माझ्याशी बोलताना मान खिडकीकडे. बाईंनी एखादा प्रयोग अर्ध्यावर सोडलेला मी कधी बघितला नव्हता. त्या दिवशी कोथरूडहून सदाशिव पेठेत परत येताना मला उगाचच सारखं मावशीचं घर आठवत राहिलं.

पुढच्या बुधवारी स्टाफरूममध्ये नानांचा फोन आला. "मेश्राम, ही काल गेली नाही, आजही गेली नाही. मशीन बिघडलंय म्हणते. तुम्ही जरा तिकडे विचाराल का, कधी सुरू होणार ते?" मी दवाखान्यात फोन केला. मशीन चालू होतं. पेशंटच आले नाहीत, असं त्यांनी मला उलट सांगितलं.

बाई खोटं बोलल्या होत्या आणि तेही नानांशी. खंड पडता कामा नये, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं आणि इथे दोन दिवस गेले होते. तास दुसऱ्यांवर टाकून मी स्कूटी काढली. शनिवारची काड्या-प्लेटांची पिशवी खांद्याला होती ती सवयीने.

बाई गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. नाना स्वयंपाकघरात मुगाचं पाणी गाळत होते. मी हळू आवाजात म्हटलं, "बाई, मशीन चालू आहे."

"असेल."

"मग?"

"आता जाऊन काही उपयोग नाही." प्रत्येक शब्दाला त्यांना कष्ट पडत होते. "पसरलंय ते."

"कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं कोणी. पांढरं आलंय. सुरुवातीला असंच होतं ना, पांढरं? आधी गालाला आलं. आता टाळ्याला पण आहे."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "दाखवलं की ते नाव सांगणार."

ज्या बाईने आम्हाला नाव विचारायला शिकवलं ती नावालाच भ्यायली होती. पंधरा दिवस ते पांढरं त्यांनी रुमालाआड सांभाळलं होतं. आरशात बघायचं सोडून दिलं होतं. डॉक्टर तपासायचे तेव्हा दुखतंय म्हणून तोंड जेमतेम उघडत. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मी नानांची टॉर्च मागून आणली आणि म्हटलं, "तोंड उघडा." बाईंशी मी त्या सुरात त्याआधी कधी बोलले नव्हते. त्यांनी निमूटपणे उघडलं.

आत दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं पसरलं होतं. गालाच्या आतून, टाळ्याला, जिभेच्या मुळापर्यंत. काय बघतेय ते मला कळतच नव्हतं, दिसत होती ती फक्त मावशी. मी नुसती सवयीने काडी काढली आणि गालावरून फिरवली, शनिवारी फिरवायचे तशी. पांढरं निघून कापसाला चिकटलं. खाली लाल, ओली, सोललेली जागा.

मी पुन्हा फिरवली. पुन्हा निघालं.

"बाई, पुसलं जातंय," मी म्हटलं.

त्यांना पहिल्यांदा समजलंच नाही. मी काडी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. कॅन्सरच्या आधीचा पांढरा डाग पुसून निघत नाही. जे पुसलं जातं ते बहुधा वेगळंच काहीतरी असतं. हे त्या दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी शिकवायच्या. बाई काडीकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे, मग परत काडीकडे. रुमाल खाली पडला तो त्यांनी उचलला नाही. "स्लाइड करायला हवी," त्या म्हणाल्या. "थांब. मीच येते."

नानांना आम्ही सांगितलं की मशीनची चौकशी करायला जातोय. रिक्षा केली. कर्वे रस्त्याला एवढी वाहनं का असतात, असा राग मला त्या दिवशी आला तसा पुन्हा कधी आला नाही. प्रयोगशाळेत मुलांचं प्रॅक्टिकल चालू होतं. बाईंना बघून सगळी उभी राहिली, बाईंनी हातानेच बसायला सांगितलं. काचपट्टीवर नमुना पसरणं, ज्योतीवरून फिरवणं, जांभळा रंग देणं, धुणं, हे सगळं मी केलं, कारण त्यांचे हात स्थिर नव्हते. पण मायक्रोस्कोपपाशी त्यांनी मला बसू दिलं नाही. आपल्या जुन्या स्टुलावर बसल्या, डोळा लावला, आणि तशाच बसून राहिल्या. किती वेळ झाला कोण जाणे. मला विचारायचा धीर होईना. मग बघते तर त्यांचे खांदे हलत होते.

"कँडिडा," बाई म्हणाल्या. डोळा न काढता. "बुरशी आहे गं. नुसती बुरशी."

मी बघितलं. जांभळ्या रंगाचे लांबट थेंब, अंगाला कळ्या फुटलेल्या, मधून मधून लांब धागे. पुस्तकात छापतात तशी. वर्षानुवर्षं ही बया त्यांनी मुलांना दाखवली होती आणि आपल्याच तोंडात ओळखली नव्हती. "भाडेकरू गेले, मोकळं घर बघून ही एकटी घुसली," त्या म्हणाल्या, आणि तिथेच मुलांसमोर पदराने डोळे पुसले. बुरशी निघाली म्हणून आनंदाने रडणारी दोन माणसं त्या प्रयोगशाळेने त्याआधी बघितली नसतील.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी तोंड बघितलं, बुरशीचं औषध लिहिलं, बुडलेले दिवस शेवटी भरून काढू म्हणाले. "पहिल्याच दिवशी दाखवायचं ना," एवढंच म्हणाले. "हे होतंच पुष्कळांना." बाई मान खाली घालून ऐकत होत्या, उशिरा आलेल्या विद्यार्थिनीसारख्या. मग आत गेल्या आणि जाळीखाली झोपल्या.

परतताना रिक्षात मी खडीसाखरेचा विषय काढला. कोरडं तोंड, त्यात दिवसभर साखर. बुरशीला आणि त्या आम्लवाल्या मंडळींना याहून चांगली मेजवानी कुठली. "तुम्हाला ठाऊक नव्हतं का?"

"ठाऊक नसायला काय झालं? मी काय इतिहास शिकवते?"

"मग खाल्लीत कशाला?"

बाई रिक्षाबाहेर बघत म्हणाल्या, "त्यांना मुगाच्या पाण्यापलीकडे स्वयंपाक येत नाही. दवाखान्यात आत यायचा धीर होत नाही. दिवसभर नुसते माझ्या तोंडाकडे बघत बसतात. एवढं एकच त्यांना करता येतं. ते नको म्हणून सांगू?" मग म्हणाल्या, "आणि हे त्यांना सांगायचं नाही. कधीच नाही. मला काही झालं तरी."

मी नानांना सांगितलं की डॉक्टरांनी आता खडीसाखरेऐवजी साध्या पाण्याचा बर्फ चघळायला दिलाय. नाना हादरलेच. "बर्फ? घशाला?" दोन पिढ्यांचं गाणं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. पण डॉक्टरांचा शब्द म्हटल्यावर ते कामाला लागले. फ्रिजमध्ये दोन ट्रे अखंड लावलेले, बत्त्याने बर्फाचे बारीक तुकडे करून वाटीत घालून दर अर्ध्या तासाने हजर. "घे, घसा ओला राहील." मिठासोड्याच्या गुळण्यांचं पाणीही तेच कोमट करत. शेवटचे दिवस फार वाईट गेले. बाईंना थेंबभर पाणीसुद्धा टोचायचं, वजन इतकं उतरलं की जाळी सैल झाली. रोज सकाळी मला वाटायचं, आज त्या नाही म्हणणार. त्या नाही म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर बाई परत शिकवायला आल्या. लाळ पुरती कधी परत आली नाही, टेबलावर पाण्याची बाटली असे आणि दर दोन वाक्यांनी घोट. जबडा आखडला होता, दोन बोटं जेमतेम आत जातील एवढंच तोंड उघडे. आमटी-भात कालवून, तोही बिनतिखट. दातांवर रोज औषध लावून बसावं लागे. शनिवारच्या प्लेटा त्यांनी पुन्हा सुरू करवल्या. काही जाती परतल्या, काही गेल्या त्या गेल्याच. "तुळशीबाग नाही राहिली," प्लेट बघून त्या म्हणत, "पण उपनगर म्हणायला हरकत नाही." तपासणीच्या दिवशी मात्र विनोद बंद. डॉक्टरांच्या दाराबाहेर माझं मनगट धरून बसत आणि नाव पुकारलं की सोडत. दर खेपेला निकाल एकच: ठीक आहे. दर खेपेला आम्ही दोघी बाहेर येऊन उसाचा रस प्यायचो. म्हणजे मी प्यायचे, त्या ग्लास हातात धरून बसायच्या.

पुढे त्या निवृत्त झाल्या. माझं लग्न झालं, आम्ही धायरीला राहायला गेलो. त्या आजारानंतर चौथ्या वर्षी, डिसेंबरमध्ये, त्यांचा फोन आला. आवाज अगदी साधा. "संध्याकाळी येतेस? नाना भजनाला जाणार आहेत."

गेले तर खुर्ची दिव्याखाली घेऊन बसल्या होत्या. या वेळी रुमाल नव्हता. "खालच्या हिरडीच्या आत, जबड्याला लागून," त्या म्हणाल्या. "छोटं आहे. कडक आहे. परवा डॉक्टरांची वेळ घेतलीय. तुला आधी सांगावं म्हटलं."

मी टॉर्च लावून बघितलं. बघितल्याबरोबर मला कळलं, आणि तरी मी म्हटलं, "बुरशी असेल, बाई. मागच्या वेळेसारखी. मी सामान आणलंय."

"नाही गं. पुसून बघितलं मी."

"तरी घेते ना स्वॅब. बघू तर."

माझा आवाज कसा येत होता ते मलाही ऐकू येत होतं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या भीतीने गळालेल्या नव्हत्या. घाबरलेल्या होत्या, पण ती भीती त्यांनी नीट घडी घालून बाजूला ठेवली होती. "घे," त्या म्हणाल्या. त्यांनी तोंड उघडलं, आखडलेला जबडा जेवढा उघडेल त्याहून थोडं जास्त, आणि मी पुन्हा पुन्हा काडी फिरवेपर्यंत तसंच धरून ठेवलं. काडीवर काही आलं नाही.

बाई पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होत्या. ते सगळं मला सांगायचं नाही. सांगायचं आहे ते त्या प्लेटचं. जिवाणू रोखून फक्त बुरशी उगवू देणारी ती प्लेट मी दुसऱ्या दिवशी सकाळीच इन्क्युबेटरमध्ये ठेवली आणि दर तासाला दार उघडून बघत राहिले. बुरशीची एक कळी दिसावी म्हणून मी जेवढं मागितलं तेवढं आयुष्यात कशासाठी मागितलं नाही. त्या संध्याकाळी बाईंचा फोन आला. "काही उगवलं का गं?" मी म्हटलं, अजून नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून परत आल्यावर त्यांनी पुन्हा फोन केला. तुकडा काढून तपासायला दिलाय, एवढं सांगून त्यांनी तेच विचारलं. मी तेच सांगितलं. प्लेट लख्ख कोरी होती.

"बाहेर थंडी फार आहे ना," बाई म्हणाल्या. "वेळ लागत असेल. उद्या बघ."

इन्क्युबेटरमध्ये बारा महिने आपल्या अंगाइतकी ऊब असते, बाहेरच्या थंडीचा त्याच्याशी काही संबंध नसतो, हे मला बाईंनीच शिकवलं होतं. "हो बाई," मी म्हटलं, "उद्या बघते."